काठाकाठानं एक फेरी

ताई, वाद तुम्हीच जिंकलात. मी म्हणत होते, ही बाई एक दिवस त्या धरणात जाईल. तुम्ही म्हणायच्या, मी कोरड्यावरच मरीन, पाह्यजो. मागच्या महिन्यात तुम्ही जेवणाच्या टेबलाशी बसल्या बसल्या गेलात. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं, ताटातलं भरीत संपलेलं होतं, आणि पाणी म्हणाल तर कुलरच्या टाकीत होतं तेवढंच. याहून कोरडं मरण आपल्या पिपरी मेघेत कोणाला आलं असेल असं वाटत नाही. डॉक्टर म्हणाले, काही त्रास झाला नसेल. तुम्हाला नसेल झाला. माझ्याकडे त्या वादातली पुढची दोन उत्तरं तयार होती, आणि ऐकायला माणूस नाही.

तेरवीची यादी मीच केली. आपल्या घरातली कुठलीही यादी मीच करते, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही माझ्या याद्यांना ‘मंगलाचं पंचांग’ म्हणायच्या. या वेळी आचारी, पत्रावळी, मांडव सगळं लिहून झाल्यावर सवयीनं खाली लिहिलं, ‘ताईंना एकदा विचारणे’. मग ते खोडलं. खोडताना कागद फाटला, म्हणून सगळी यादी पुन्हा लिहिली. म्हटलं तर काम झालं, म्हटलं तर तेवढा वेळ गेला.

लोक भेटायला आले ते तुमच्या नोकरीबद्दल बोलले, स्वभावाबद्दल बोलले. नावेबद्दल जपून बोलले. कोणी ‘छंद’ म्हणालं, कोणी ‘विरंगुळा’. एका बाईंनी ‘ते पाण्याचं’ असं म्हटलं, जसं काही तुम्हाला जलोदर झाला होता.

वर्ध्यात समुद्र नाही हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात तुमची नोकरी गेली. आंजीच्या पुढचं ते धरण तुम्ही कागदावर इतक्या वेळा काढलं होतं, त्यातलं पाणी इतक्या वेळा निळ्या शाईनं भरलं होतं, की त्याचा काठ तुम्ही डोळे मिटून बोटानं ताटाच्या कडेवर गिरवायच्या. आणि त्या पाण्यावर एकदाही गेला नव्हतात. निवृत्त झालात त्या दिवशी खात्यानं शाल दिली. दुसऱ्या दिवशी तुम्ही आंजीच्या सुताराकडे जाऊन बसलात. तुमचे भाऊ, म्हणजे आमचे हे, जेवता जेवता थांबले होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, “जिंदगीभर निळं रंगवलं. आता त्याच्यात बसून पाह्यतो.”

त्या सुतारानं आयुष्यभर बैलगाड्या केल्या होत्या. नाव त्यानं फक्त चित्रात पाहिलेली होती, आणि चित्र तुम्ही काढून दिलेलं होतं. नाव मजबूत झाली, यात वाद नाही. फक्त समोरून पाहिली की बैल नुकतेच सोडून गोठ्यात नेलेत असं वाटायचं. धरणावरच्या मच्छीमारांनी तिचं नाव ‘खाचर’ ठेवलं. आपल्याकडे बैलगाडीला म्हणतात तेच. तुम्हाला राग आला नाही. तुम्ही म्हणालात, खाचर उलटत नाही.

मग गुडघे आले. म्हणजे तुम्हाला होतेच, पण जिन्यावर तुम्ही कठड्याशी बोलायला लागलात तेव्हा आम्हाला कळले. एकटीनं नावेत चढायचं, एकटीनं वल्हवायचं, हे यांना पटेना. त्यात कारंज्याचे गजाननराव भेटले. हायवेवर त्यांचा ढाबा आहे. त्यांना ढाब्यासमोर एक नाव ठेवायची होती. आत टेबल टाकायचं आणि लोकांना बसवून जेवायला वाढायचं. फॅमिली सेक्शन. आमच्या यांनी घरी येऊन ही बातमी अशा आवाजात सांगितली, जसं काही नावेला चांगलं स्थळ आलं आहे.

तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, की माझ्या बोटीत लोक शेवभाजी सांडतील का. हे म्हणाले, सांडतील, पण पुसून घेतील.

त्यानंतर तुम्ही दोघं बहीण-भाऊ माझ्यामार्फत बोलायला लागलात. एकाच टेबलावर बसून. मंगला, तुझ्या नवऱ्याले सांग. मंगला, ताईला विचार. मी दोघांच्या मध्ये पोळ्या वाढत होते आणि निरोपही. शेवटी तुम्हीच तोड काढलीत. मंगला एकदा माझ्यासोबत काठाकाठानं पूर्ण फेरी मारून येईल, आणि परत आल्यावर ती जे म्हणेल ते दोघांनी ऐकायचं. विक म्हणाली तर नाव ढाब्यावर जाईल. यांनी लगेच मान्य केलं, कारण मी व्यवहारी आहे हे त्यांना माहीत होतं. तुम्ही ते मला कशाच्या भरवशावर सांगितलंत, ते मला तेव्हा कळलं नाही. या घरात किल्ल्या, औषधं, गॅसचा नंबर, सगळ्यांचे वाढदिवस माझ्याकडे आहेत. निकाल द्यायला मात्र त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. तुम्ही म्हणाला असतात, आभाराचीही यादी कर.

संक्रांत होऊन गेली होती. मी लाइफ जॅकेटं, शिट्टी, दोरी, टॉर्च, कोरडे कपडे, औषधाची पेटी आणि तिळाच्या लाडवांचा डबा घेतला होता. तुम्ही थर्मास घेतला होता. गाडीची डिकी उघडून तुम्ही म्हणालात, “काऊन वं, मुक्कामाले चाललो का आपण?” जॅकेट घाला म्हटलं तर ते घडी करून खाली घेतलंत आणि त्यावर बसलात. म्हणालात, गुडघ्यांना बरं पडतं.

निघण्याआधी नावेची तपासणी करायची असं मी ठरवलं होतं. फळ्यांच्या मधल्या फटींत तुम्ही दरवर्षी कापसाचा पिळा ठोकून बसवायच्या आणि वरून डांबराचा हात द्यायच्या. एरवी जिनिंगमधून सरकी काढलेली रुई आणायच्या. या वर्षी रुई आणायची तर भावाच्या ओळखीनं, आणि भावाशी बोलणं बंद. म्हणून तुम्ही शेतातून आलेला कापूस घेतलात आणि घरीच टीव्हीसमोर बसून हातानं सरकी काढलीत. रोज संध्याकाळी मांडीवर सुपडं, डोळे क्रिकेटवर. मी तेव्हाच म्हटलं होतं की दोन्ही कामं एकदम होणार नाहीत.

तर त्या दिवशी मी आतून एकेक फट बघत पुढच्या टोकाकडे गेले, आणि तिथे फळ्यांच्या मधून दोन हिरवी पानं बाहेर आली होती. शेजारी आणखी दोन. पुढे तर एक छोटी रांगच होती. मी लहानपणापासून शेत पाहिलं आहे, मला ओळखायला वेळ लागला नाही.

मी म्हटलं, ताई, नावेत पराटी उगवली.

तुम्ही चष्मा पुसून वाकलात. कपाशीची ती रोपं नीट पाहिलीत. ही फट कोणत्या सामन्याच्या वेळी भरली ते तुम्हाला आठवलं. शेवटच्या षटकांत फार चुरस झाली होती. मग म्हणालात, “जमीन चांगली हाय म्हणजे.” आणि वल्ही घेऊन बसलात. त्या ठिकाणाहून नाव पाझरेल, असं मी स्पष्ट सांगितलं होतं. तुम्ही ते ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही. तुम्ही ऐकलंत आणि थर्मास त्या जागेवरून उचलून मागे ठेवलात.

धुकं होतं. काठावरचा बाभळीचा पट्टा दिसत होता, त्यापलीकडे आभाळ आणि पाणी एकाच कापडाचं होतं. मी म्हटलं, ऊन येऊ द्या. पण तुम्हाला धुक्याची पर्वा नव्हती, कारण तुम्ही नजरेनं जातच नव्हतात. हिवाळ्यात गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला काठानं सगळीकडे शेतकऱ्यांच्या मोटरी चालू असतात, आणि तुम्हाला प्रत्येकीचा आवाज पाठ होता. मोटरींचा आवाज उजव्या कानाला ठेवायचा आणि वल्हवत राहायचं, एवढंच तुमचं शास्त्र. ही भोयरची, हिला दम लागतो. ही ढोबळेची नवी, गुणगुणते. ही वानखेडेची, उचकी लागते हिला, पण बंद पडत नाही, मालकासारखीच आहे. मला मनातून हे आवडत होतं. वरून मी विचारलं, की ताई, शेतीच्या विजेची लाइन कधी जाते ते पाहिलं का. तुम्ही म्हणालात, या हप्त्यात दिवसाची पाळी आहे, दुपारपर्यंत काळजी नाही.

दिवसाची पाळी मागच्या हप्त्यात होती, ताई.

उचकी लागणारी मोटर नुकतीच मागे पडली होती. एकाएकी सगळ्या मोटरी बंद झाल्या. एकामागून एक नाही, सगळ्या एकदम. कोणी काठच गुंडाळून नेल्यासारखं झालं. तुम्ही वल्ही वर धरून बसलात आणि मान तिरकी करून ऐकत राहिलात. वल्ह्यावरून थेंब पडत होते तेवढेच ऐकू येत होते.

त्यानंतर आपण कुठे गेलो हे मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही सांगू शकत नव्हतात, हे आता मान्य करा. तुम्ही म्हणत होतात काठ उजवीकडे आहे. मी म्हणत होते, उजवीकडे होता, पण तुम्ही मघाशी वळलात. तुम्ही म्हणालात, मी वळले नाही, तू हाललीस. एवढ्यात माझ्या चपलांत पाणी आलं. पराटीनं आपलं काम केलं होतं. मी लाडू ओच्यात घेतले आणि डब्यानं पाणी उपसायला लागले. तुम्ही एक लाडू मागितलात. धुक्यात, गळत्या नावेत, काठाचा पत्ता नसताना तुम्ही तीळ जास्त भाजले गेलेत असं म्हणालात. मी उपसत राहिले.

मग तुम्ही वल्हवणं थांबवलंत. तुमचा आवाज वेगळा होता, म्हणून मी वर पाहिलं.

“मंगला, मले भेव लागून राह्यला.”

मी म्हटलं, फार पाणी नाही ताई, मी उपसते आहे, तुम्ही फक्त जॅकेट घाला.

“बुडाचं नाई वं,” तुम्ही म्हणालात. “तू ‘विका’ म्हणशीन याचं.”

तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हतात. वल्ह्याच्या दांड्यावर तुमचा हात जिथे रोज असतो तिथे लाकूड गुळगुळीत झालं होतं, तिथेच तुम्ही अंगठा फिरवत होतात. निवृत्त झाल्यावर लोकांना वेळ कसा घालवायचा कळत नाही म्हणतात. तुम्हाला कळलं होतं, आणि तेच मी तुमच्या हातातून काढून घेणार की काय, याची तुम्हाला भीती होती. त्या घटकेला मी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, आधी काठ सापडू द्या.

आणि काठ बोलला. धुक्यातून एक दणदणीत आवाज आला, “कोन हाये तिकडे?”

मला एवढा आनंद झाला की मी शिट्टी वाजवली. तीच चूक झाली. पलीकडून आवाज आणखी वर चढला. मोटरचे वायर चोरायला लोक रस्त्यानं येतात, आता पाण्यातूनही यायला लागले, आणि वर शिट्टी वाजवतात, असं तो दुसऱ्या कोणाला तरी ओरडून सांगत होता. मी ओरडून म्हटलं, भाऊ, आम्ही चोर नाही, बाया आहोत.

“बाया पान्यातून कायले येतीन?” तो म्हणाला. प्रश्न रास्त होता.

मी विचारलं, हा कोणता काठ आहे. तो म्हणाला, ते तुम्हाला सांगितलं म्हणजे तुम्हाला वाट सापडेल. आधी तुम्ही कोण ते सांगा. मग तुम्ही नावेत ताठ बसून, धुक्याकडे तोंड करून, आपलं नाव, आडनाव, वडिलांचं नाव, वडिलांचं दुकान, आजोळ आणि खातं, सगळं ठणकावून सांगितलंत. मी तेवढा वेळ पाणी उपसत होते. आजोळचं गाव निघालं तेव्हा पलीकडचा आवाज मऊ झाला. त्याच्या मामेबहिणीचं सासर तिथलंच निघालं. तुमचे मामा त्याला ठाऊक होते. मामांच्या थोरल्याचं लग्न कुठे झालं हेही त्यानं विचारलं आणि तुम्ही सविस्तर सांगितलंत. अजून काठ दिसत नव्हता, पण नातं जुळलं होतं.

“मंग या ना जी आत्या,” तो म्हणाला, “चा मांडतो.”

त्याच्या आवाजावर आपण काठाला लागलो. नाव चिखलात रुतली तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा चिखलाला बरं म्हटलं. त्यानं शेकोटी पेटवली होती. तुमची साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि तुम्ही त्याला त्याची मोटर कशी उचकी देते ते करून दाखवत होतात. हाच तो वानखेडे. त्याला वाईट वाटलं नाही. ती उचकी त्यानं बरेच दिवस ऐकली होती, पण इतकी हुबेहूब कोणी काढून दाखवली नव्हती, असं म्हणाला.

धुकं उठलं तेव्हा आपण पाहिलं. गाडी उभी केली होती ती जागा समोरच होती. मधे बाभळीचा पट्टा आणि एक खाडीसारखा पाण्याचा वळसा, बस. एवढी सकाळ घालवून आपण धरणाचा एक कोपरा तेवढा हिंडलो होतो, तोही गोल गोल. मी गाडीकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही कप बशीत ठेवलात आणि खात्यात फायलीवर शेरा मारावा तसं म्हणालात, “फेरी पुरी झाली नाई. मंग फैसला कसा होईन?”

संध्याकाळी यांनी विचारलं, काय ठरलं. मी म्हटलं, फेरी पूर्ण झाली नाही, अटीप्रमाणे निकाल देता येत नाही. हे माझ्याकडे बघतच राहिले. एवढा नियम मी गॅसच्या नंबरालाही लावत नाही.

त्यानंतर आपला नवा क्रम सुरू झाला. पुढची फेरी मारायची तर आधी फटी दुरुस्त व्हायला हव्यात. पराटी उपटून तुम्ही कुंडीत लावलीत. मी जिनिंगमधून रुई आणून दिली. ती मागायला मला लाज वाटायचं कारण नव्हतं, माझं सगळ्यांशी बोलणं चालू होतं. रविवारी आपण जायचो. तुम्ही डांबर गरम करून हात द्यायच्या, मी नावेभोवती फिरून तपासायचे. आणि मला दर रविवारी काहीतरी सापडायचं. डावीकडची दुसरी फळी बरोबर भरली नाही. बुडाशी हात पातळ बसला आहे. एका फटीत तर नखही जात नव्हतं, तरी मी तुम्हाला ती पुन्हा उकरायला लावली. तुम्ही एरवी माझी एकही तपासणी मुकाट्यानं ऐकलेली नाही, पण त्या महिन्यांत ऐकलीत. तुम्ही म्हणायच्या, हो गं, पातळच वाटते आहे खरी. मग ऊन चढलं, आणि मला आयतं कारण मिळालं. आपल्या उन्हाळ्यात डांबर वाळत नाही, उलट मऊ होतं. मी बोट टेकवून तुम्हाला काळं बोट दाखवायचे. तुम्ही गंभीरपणे मान हलवायच्या. गजाननरावांचा फोन आला की हे सांगायचे, अजून ओली आहे.

आपण त्याबद्दल एकदाही बोललो नाही. मी सहज टाळत होते असं तुम्हाला वाटत असेल तर ते खरं नाही. निकाल माझा ठरलेला होता, ताई. तुमचे गुडघे पाहून मी ‘विका’ म्हणणार होते. जिन्यावर तुम्हाला पाहिलं की दुसरं काही म्हणवत नव्हतं, आणि त्या नावेतला तुमचा अंगठा आठवला की ते तोंडातून निघत नव्हतं. म्हणून फळ्या उकरत होते. तुम्हाला हे कळलं होतं का? तुम्ही आरेखक होतात. फट भरली आहे की नाही, हे तुम्हाला माझ्या आधी दिसत असणार.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी गजाननराव ट्रॉली घेऊन धरणावर आले. वाईट वाटलं म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. तुमच्या हातचं भरीत त्यांनी खाल्लेलं होतं. यांनी त्यांना बोलावलं नव्हतं, पण नको असंही म्हटलं नव्हतं. दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी नेहमीसारखी नावेभोवती एक चक्कर मारली. आता गुडघ्यांचा प्रश्न उरला नव्हता. विकायला माझ्याकडे तेवढं एकच कारण होतं. मी पुन्हा एकदा मनात तपासलं, दुसरं कारण सापडलं नाही. मी सांगितलं, पुढच्या टोकाची फट अजून पक्की नाही, द्यायला तयार नाही.

गजाननराव समजावणीच्या सुरात म्हणाले, “वहिनी, मले का पान्यात टाकाची हाय? गळली तं गळू द्या.”

“मले टाकाची हाय,” मी म्हटलं.

ट्रॉली रिकामीच परत गेली. यांनी गाडी सुरू केली, आंजी ओलांडली. मग त्यांनी विचारलं, मला पोहता येतं का. मी नाही म्हटलं, आणि तुम्हाला येतं का असं त्यांना विचारलं. त्यांनाही येत नाही, ताई. रविवारी आम्ही दोघं जातो आहोत.